कॅमेऱ्यामागची तार : अमिरातीतल्या मराठी व्यावसायिकांसाठी

१९ जानेवारी २०१० रोजी दुबई विमानतळाजवळच्या अल बुस्तान रोटाना हॉटेलात हमासचा महमूद अल-मबहूह उतरला. दुसऱ्या दिवशी खोली क्रमांक २३० मध्ये त्याचा मृतदेह सापडला. त्यानंतर महिन्याभराच्या आत दुबई पोलिसांनी विमानतळ, वेगवेगळी हॉटेलं आणि मॉल इथल्या कॅमेऱ्यांचं चित्रण जोडून संशयितांच्या हालचालींचा पट जगासमोर ठेवला. टेनिसच्या रॅकेट हातात घेऊन त्याच्या मागोमाग लिफ्टमधून बाहेर पडणारे दोघे त्या चित्रणामुळेच जगाला दिसले.

आपल्याला यातलं राजकारण बाजूला ठेवून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. हत्या झाली त्या खोलीत कॅमेरा नव्हता आणि नसायलाच हवा होता. जे कळलं ते येण्याजाण्याच्या वाटांवर लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे कळलं : प्रवेशद्वार, लिफ्ट, मार्गिका, स्वागतकक्ष. दुसरी गोष्ट, हे चित्रण निरनिराळ्या मालकांच्या यंत्रणांमध्ये पडून होतं. ते शिल्लक होतं, उघडता आलं आणि वेळेच्या क्रमाने लावता आलं, म्हणून त्याचा पुरावा झाला.

बर दुबईत किराणा किंवा सोन्याचं दुकान, करामात क्लिनिक, अल कूझमध्ये गोदाम, जेबेल अलीत लॉजिस्टिक्सचं काम असा पसारा मराठी माणसांनी अमिरातीत कष्टाने उभा केला आहे. कॅमेरे बसवायची वेळ आली की तीन कोटेशनं मागवली जातात आणि तुलना होते ती कॅमेऱ्यांची संख्या, मेगापिक्सेल आणि दिरहॅम यांची. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ही तुलना सगळ्यांत शेवटी करा. त्याआधी इन्स्टॉलरला विचारा : हे चित्र कोण कोण पाहू शकेल, ते कुठल्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचेल आणि मधलं एखादं यंत्र बंद पडलं किंवा चोरीला गेलं तर आपल्या हातात काय उरेल? ज्याला याची उत्तरं कागदावर रेषा काढून देता येत नाहीत, त्याला काम देऊ नका.

आधी कायद्याचं पाहू, कारण दुबईत ते डिझाइनच्या आधी येतं. तिथे हे क्षेत्र २०१६ च्या कायदा क्रमांक १२ खाली येतं आणि त्याची नियामक संस्था म्हणजे सिरा. सिराची मान्यता असलेल्या कंपनीकडूनच आराखडा, उभारणी आणि देखभाल करून घ्यावी लागते, आणि कॅमेरे, रेकॉर्डरही मान्यताप्राप्त असावे लागतात. चित्रण साधारणपणे किमान ३१ दिवस राहिलं पाहिजे. तुमच्या व्यवसायाच्या वर्गाला आणखी कोणत्या अटी लागू आहेत, हे कोटेशन मागवण्याआधीच लेखी विचारून घ्या. अबू धाबीत हे काम तिथलं मॉनिटरिंग अँड कंट्रोल सेंटर पाहतं आणि त्याच्या अटी वेगळ्या आहेत. त्यामुळे दुबईच्या दुकानाचा आराखडा मुसफ्फाच्या गोदामाला जसाच्या तसा लावून चालत नाही. शारजा किंवा अजमानमध्ये शाखा असेल तर तिथल्या स्थानिक यंत्रणेकडून स्वतंत्रपणे माहिती घ्या.

आता जागा. वाटांवर कॅमेरा आणि खासगी जागेत कधीच नाही, हा नियम धरा. शौचालय, कपडे बदलण्याची खोली, उपचार किंवा मसाजची खोली, कर्मचाऱ्यांची झोपण्याची जागा यांकडे कॅमेऱ्याचं तोंडसुद्धा वळता कामा नये. फिरणारा कॅमेरा असेल तर त्याच्या वळण्याला मर्यादा घाला आणि शेजारच्या घराची खिडकी दिसत असेल तर तो भाग चित्रातच झाकून टाका. मायक्रोफोन सेटिंगमधून बंद करा. अनेक कॅमेऱ्यांत तो आत असतोच आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. परवानगीशिवाय लोकांचं संभाषण टिपणं हा इथे गंभीर गुन्हा आहे. २०२१ चा संघीय हुकूमनामा कायदा क्रमांक ३४, म्हणजे सायबर गुन्ह्यांचा कायदा, २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या ४४ व्या कलमात खासगीपणाच्या भंगासाठी किमान सहा महिने कैद आणि दीड लाख ते पाच लाख दिरहॅम दंड, किंवा यांपैकी एक, अशी तरतूद आहे. याशिवाय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२१ चा कायदा क्रमांक ४५ आहे आणि डीआयएफसीमध्ये, म्हणजे दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्रात, कार्यालय असेल तर तिथला २०२० चा वेगळा कायदा.

मेगापिक्सेल किती हवेत याचं उत्तर अंदाजाने देऊ नका, साधं गणित आहे. आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा असेल तर दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात आणि कोणीतरी आहे एवढंच कळायला २५. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रुंदी २५६० पिक्सेल असते, म्हणजे दहा मीटरपेक्षा रुंद दृश्यात तो चेहरा ओळखण्याजोगा राहत नाही. गोदामाच्या कोपऱ्यात उंचावर लावलेला एक कॅमेरा चाळीस मीटरचं सगळं आवार दाखवतो. मालकाला ते चित्र फार आवडतं, पण चोरी झाल्यावर त्यात फक्त एक आकृती चालताना दिसते. दारावर, छातीच्या थोडं वर, अरुंद कोनाचा एक कॅमेरा त्याहून जास्त काम करतो.

इथल्या उन्हाचाही विचार हवा. दुकानाच्या आतून काचेच्या दाराकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याला दुपारी बाहेरचा प्रखर उजेड आणि आतली सावली एकाच वेळी सांभाळावी लागते, नाहीतर आत येणारा प्रत्येक ग्राहक काळी सावली बनतो. तिथे चांगला डब्ल्यूडीआर असलेलाच कॅमेरा घ्या आणि ताबा घेण्यापूर्वी दुपारी दोन वाजता उभं राहून चित्र पाहा. एक बारीक गोष्ट पुष्कळ जण विसरतात : कॅश काउंटरवरच्या कॅमेऱ्यात कार्ड मशीनची बटणं दिसता कामा नयेत. आजच्या कॅमेऱ्यांत ग्राहकाचा पिन सहज वाचता येतो आणि मग तुमचं रेकॉर्डिंग हीच चोरण्यासारखी वस्तू होऊन बसते.

केबलवर पैसे वाचवू नका. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात स्वस्त मिळते. पीओईवर वीज आणि चित्र दोन्ही त्याच तारेतून जातात. फॉल्स सीलिंगमधल्या उन्हाळी तापमानात ती तार आणखी तापते, कॅमेरे अधूनमधून बंद पडतात आणि दोष कॅमेऱ्यावर जातो. पूर्ण तांब्याची कॅट-६ केबल असं कोटेशनमध्येच लिहून घ्या. एका ओढीची लांबी जोडण्यांसह १०० मीटरच्या आत हवी, त्यापुढे फायबर टाका. स्विच घेताना केवळ पोर्ट मोजू नका. प्रत्येकी १२ वॉट खाणारे १६ कॅमेरे म्हणजे १९२ वॉट. त्यावर १२० वॉटचा सोळा पोर्टांचा स्विच बसवला तर दिवसा सगळं ठीक चालतं आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की काही कॅमेरे मरतात, म्हणजे नेमके हवे त्या वेळी.

साठवणीचं गणित मालकाने स्वतः करावं असं मला वाटतं, कारण इथेच कोटेशन कमी दाखवण्यासाठी हात मारला जातो. एच.२६५ वर चार मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने सतत चित्रण करतो असं धरा. दिवसाला ४३ जीबी होतात, ३१ दिवसांचे सुमारे १.३४ टीबी. सोळा कॅमेऱ्यांना २१.४ टीबी लागतात. रेकॉर्डरमध्ये ८ टीबीच्या दोनच डिस्क बसवल्या असतील तर साधारण २३ दिवसांनंतर जुनं चित्रण पुसायला सुरुवात होते. तपासणीच्या वेळी किंवा पोलिसांनी पंचविसाव्या दिवशीचं फुटेज मागितल्यावर हे उघडकीला येतं. वर एक डिस्क गेली तर तिच्यावरचं सगळं गेलं. त्याऐवजी ८ टीबीच्या पाच डिस्क रेड ६ मध्ये घातल्या तर २४ टीबी वापरता येतात आणि दोन डिस्क एकाच वेळी बिघडल्या तरी चित्रण टिकतं. डिस्क देखरेखीच्या कामासाठी बनवलेल्याच घ्या. रेकॉर्डर कुलूपबंद रॅकमध्ये, एसी रात्रीही चालू राहील अशा खोलीत आणि यूपीएसवर ठेवा. काउंटरखाली ठेवलेला रेकॉर्डर चोर जाताना काखेत मारून नेतो.

आता मुख्य विषय, तो म्हणजे जाळं, अर्थात नेटवर्क. आयपी कॅमेरा हा एक छोटा संगणक आहे, तो भिंतीवर लावलेला असतो आणि वर्षानुवर्षं कोणी त्याच्याकडे बघत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले असे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या आळीपाळीने वापरून पाहणं, एवढीच त्याची युक्ती होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच कॅमेऱ्यांच्या जोरावर संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळं काही तास उघडेनाशी झाली. कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या स्त्रियांच्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. तिथला पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ होता असं वृत्त आलं आणि पकडलेल्यांत लातूर-सांगलीचे तरुणही होते. ज्या बायका तिथे विश्वासाने गेल्या त्यांचं काय झालं असेल, याचा विचार प्रत्येक क्लिनिकमालकाने पासवर्ड ठरवताना करावा.

म्हणून कॅमेऱ्यांचं जाळं बिलिंग, कार्ड मशीन, कार्यालयीन संगणक आणि ग्राहकांचं वाय-फाय यांपासून तोडा. मोठ्या जागेत त्यांच्यासाठी वेगळे स्विच ठेवा, छोट्या दुकानात त्याच स्विचवर वेगळं व्हीलॅन, म्हणजे सेटिंगमधून आखलेलं स्वतंत्र जाळं, चालेल, पण मग स्विच मॅनेज्ड हवा. कॅमेऱ्याला इंटरनेटची वाटच देऊ नका. त्याच्या सेटिंगमध्ये गेटवेचा पत्ता रिकामा ठेवा आणि फायरवॉलमध्ये नियम असा लिहा की कॅमेरा आणि रेकॉर्डर एकमेकांशी बोलतील, बाकी सगळं बंद. कॅमेऱ्याने कॅमेऱ्याशी बोलायचंही कारण नाही, त्यासाठी स्विचवर पोर्ट आयसोलेशन असतं. असं केलं की एखाद्या कॅमेऱ्यात उद्या दोष सापडला तरी नुकसान तिथेच अडतं. दोष सापडतातच. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक मॉडेल्समध्ये पासवर्ड न देताच आत आदेश चालवता येतील अशी त्रुटी जाहीर झाली. तिचं गांभीर्य १० पैकी ९.८ मोजलं गेलं. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर दिलं, पण ते प्रत्येक दुकानात जाऊन कोणी भरलं का, हा प्रश्न उरतोच.

इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरचा कॅमेरा वेगळ्या काळजीचा आहे. शिडी लावून तो काढला आणि त्याच्या तारेला लॅपटॉप जोडला, तर माणूस तुमच्या जाळ्यात रस्त्यावरूनच शिरतो. बाहेरच्या कॅमेऱ्यांना स्वतंत्र व्हीलॅन द्या. जोडलेल्या यंत्राची ओळख तपासणारं ८०२.१एक्स स्विचला येत असेल तर तेच वापरा. येत नसेल तर निदान ठरलेल्या यंत्राखेरीज दुसरं काही जोडलं की पोर्ट आपोआप बंद होईल आणि फोनवर इशारा येईल अशी व्यवस्था करून घ्या. स्विचचे न वापरलेले पोर्ट पहिल्याच दिवशी बंद करा.

यानंतर मालकाची सगळ्यांत मोठी मागणी येते : “मी पुण्याला असलो तरी मोबाइलवर दिसलं पाहिजे.” मागणी रास्त आहे, पण ती पुरी करण्याच्या घाईतच दार उघडं राहतं. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून रेकॉर्डर थेट इंटरनेटवर टाकणं हे इन्स्टॉलरला पाच मिनिटांचं काम असतं. ते कधीही करू देऊ नका. राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, कारण ते चालू असेल तर रेकॉर्डर स्वतःच असं दार उघडून घेतो. योग्य मार्ग म्हणजे दुकानाच्या फायरवॉलवर व्हीपीएन : आधी फोन सुरक्षितपणे दुकानाच्या जाळ्यात येतो, मग रेकॉर्डर दिसतो. अमिरातीत व्हीपीएन म्हटलं की लोक बिचकतात. कंपनीने आपल्या अंतर्गत कामासाठी ते वापरायला मनाई नाही. गुन्हा करायला किंवा लपवायला त्याचा वापर करणं हा गुन्हा आहे. दुसऱ्या देशातून चित्रण पाहण्याबाबत तुमच्या वर्गाला काही बंधन आहे का, हे मात्र आराखडा मंजूर करून घेतानाच विचारा. मोबाइलवर पाहण्यासाठी कमी दर्जाचा दुसरा प्रवाह (सब-स्ट्रीम) ठेवा. ५१२ किलोबिटप्रमाणे सोळा कॅमेऱ्यांना सुमारे ८ मेगाबिट अपलोड पुरतं. पूर्ण दर्जाला ६४ लागेल आणि बिलिंगसुद्धा अडेल.

क्लाउडवर चालणारी सेवा घ्यायचीच असेल तर मार्च २०२१ मधलं व्हेरकाडाचं प्रकरण लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या या कंपनीच्या एका सर्वाधिकारी खात्याचं नाव आणि पासवर्ड इंटरनेटवर उघडे पडले होते. त्यातून घुसखोरांना सुमारे दीड लाख कॅमेरे दिसू लागले, त्यांत रुग्णालयं, शाळा आणि तुरुंगांमधलेही होते. ग्राहकांनी आपापले पासवर्ड कितीही नीट ठेवले असते तरी उपयोग नव्हता. क्लाउड विक्रेत्याला म्हणून सरळ विचारा की तुमच्या माणसाला माझं चित्र दिसू शकतं का, दिसलं तर त्याची नोंद मला मिळते का, आणि चित्रण कोणत्या देशात साठतं.

पासवर्डाबद्दल एवढंच : प्रत्येक माणसाला स्वतःचं खातं द्या. कॅशियरला चालू चित्र दिसावं, व्यवस्थापकाला मागचं बघता यावं, चित्रण बाहेर काढायचा अधिकार एक-दोघांनाच असावा. सर्वाधिकारी खातं मालकाकडे, इन्स्टॉलरकडे नाही. त्याला देखभालीसाठी हवं तेव्हा वेगळं खातं उघडून द्या आणि काम झालं की बंद करा. व्हिसा रद्द करून माणूस गावी परतला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद व्हायला हवं. अमिरातीत माणसं सतत बदलतात, त्यामुळे हे काम पीआरओच्या यादीत लिहूनच ठेवा. सगळ्या कॅमेऱ्यांची वेळ एका ठिकाणाहून जुळवा. दाराचा कॅमेरा काउंटरच्या कॅमेऱ्यापेक्षा चार मिनिटं पुढे असेल तर कोण आधी आलं आणि कोण नंतर गेलं, हेच सिद्ध होत नाही.

चोरी पकडली गेली की पहिला मोह होतो तो चोराचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकण्याचा. हात आवरा. त्यात दिसणारा माणूस खरोखर चोर असला तरी त्याचं चित्र पसरवणं तुम्हालाच आरोपी करू शकतं. ओळखीच्या कोणी ‘जरा बघू दे’ म्हटलं तरी फुटेज देऊ नका. ते द्यायचं ते पोलिसांना, अधिकृत मागणीवर, आणि कोणाला, कोणत्या वेळेचं, कोणी काढून दिलं याची सही-तारखेसह नोंद ठेवा. मूळ चित्रण तोवर कुलूपबंद करून ठेवण्याची सोय रेकॉर्डरमध्ये असते, ती आधीच शिकून घ्या.

भारतात शाखा असणाऱ्यांसाठी एक सूचना. ९ एप्रिल २०२५ पासून तिथे कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचणीचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं आहे. मुंबई-पुण्यासाठी खरेदी करताना ते तपासा आणि दुबईतून उरलेले कॅमेरे बॅगेतून नेऊन तिथे लावायचा विचार सोडा.

शेवटचा हप्ता देण्याआधी इन्स्टॉलरकडून काही कागद हातात घ्या : जाळ्याचा नकाशा, प्रत्येक यंत्राचा पत्ता आणि फर्मवेअरची आवृत्ती, फायरवॉलचे नियम, आणि सेटिंगची प्रत. मग त्याच्यासमोर एक डिस्क काढून पाहा, एका कॅमेऱ्याची तार उपसा, दहा मिनिटं वीज बंद करा. इशारा आला का, चित्रण टिकलं का, हे तेव्हाच कळेल. वार्षिक देखभालीच्या करारात दर तीन महिन्यांनी फर्मवेअर तपासणं आणि सर्वांत जुनं चित्रण किती दिवसांचं आहे ते लिहून देणं, या दोन ओळी घालून घ्या. दुकान हलवताना किंवा बंद करताना जुना रेकॉर्डर डिस्कसकट विकू नका. डिस्क काढून, सगळं पुसून किंवा फोडूनच ती टाकून द्या.